नाटकातून पुस्तकाकडे

धारच्या भोजशाला-कमाल मौला परिसरात १९०३ साली एक मोठी कोरीव शिळा उजेडात आली. तिच्यावर चक्क एक नाटक कोरलेलं होतं. परमार राजा अर्जुनवर्मा याच्या काळात, तेराव्या शतकाच्या आरंभी, त्याचा राजगुरू मदन याने रचलेली ‘पारिजातमंजरी’ ही नाटिका. तिच्या चार अंकांपैकी दोनच त्या शिळेवर आहेत. शिळा अभ्यासकांपुढे आणणारे काशिनाथ कृष्ण लेले हे धार संस्थानच्या शिक्षण खात्याचे प्रमुख होते, याचं मला विशेष अप्रूप वाटतं. त्याच परिसरातल्या खांबांवर नागाच्या वेटोळ्यांत बसवलेली वर्णमाला आणि व्याकरणातले प्रत्यय कोरलेले आहेत. अक्षरांचा तक्ता आणि नाटकाची संहिता अशी दोन्ही एकाच आवारात, दगडावर.

संस्कृत नाटकाच्या रीतीप्रमाणे या नाटिकेत संस्कृतही आहे आणि प्राकृतही. सगळ्या पात्रांनी एकाच भाषेत बोलावं असा हट्ट त्या रंगमंचाला नव्हता. आज त्याच धार जिल्ह्यातल्या पहिली-दुसरीच्या वर्गात तो हट्ट आहे. कुक्षी, डही, गंधवानी भागातलं मूल घरी भिली किंवा भिलाली बोलतं. मनावर-धरमपुरीकडे निमाडी चालते. बदनावरपासून पलीकडे देवास-सोनकच्छपर्यंत माळवीचा मुलूख. आणि धार-देवासच्या जुन्या गल्ल्यांतून, मराठा पवार संस्थानिकांच्या काळापासून, मराठी बोलणारी घरं आहेतच. ही सगळी मुलं शाळेत येतात तेव्हा त्यांच्यापुढे पाठ्यपुस्तकातली हिंदी येते. तिचे शब्द ती फळ्यावरून उतरवतात, सुरात म्हणतात, परीक्षेत लिहितातही. पण त्या शब्दांशी त्यांचं काही देणंघेणं असतंच असं नाही.

धार-देवासच्या अशा प्राथमिक शाळेतल्या मुलाला वाचावंसं कधी वाटतं, हा या पुस्तकापुढचा प्रश्न आहे. वाचता कसं येतं, यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे आणि ते आवश्यकच आहे. पण वाचता येऊनही न वाचणारी मुलं आणि वाचायचं कारणच न सापडल्यामुळे वाचायला न शिकलेली मुलं, यांच्याबद्दल आपण फार कमी बोलतो. वर्गातलं नाटक हे कारण पुरवतं, असं या पुस्तकाच्या लेखकांचं म्हणणं आहे आणि ते मला पटतं. वाघाचं सोंग घेतलेल्या मुलाला वाघ पुढे काय म्हणतो हे ठाऊक असावं लागतं, आणि ते पुस्तकातच लिहिलेलं असतं.

इथे एक गैरसमज आधीच दूर करायला हवा. शाळेतलं नाटक म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे स्नेहसंमेलन उभं राहतं. भाड्याने आणलेले पोशाख, ध्वनिवर्धकाची खरखर, महिनाभर पाठ केलेली वाक्यं, आणि पुढच्या रांगेत खुर्च्यांवर पाहुणे. त्यातल्या भूमिका कुणाला मिळतात? ज्यांना आधीच वाचता येतं, जी धीट आहेत, ज्यांची भाषा शिक्षकांच्या भाषेशी जुळते त्यांना. उरलेला वर्ग झाड होतो, नाहीतर प्रेक्षक. ज्या मुलांना नाटकाची सर्वांत जास्त गरज, तीच त्यातून वगळली जातात. या पुस्तकातल्या नाटकाला पडदा नाही, पाहुणे नाहीत, पाठांतर नाही. ते टाटपट्टीवर होतं, वीस-पंचवीस मिनिटांत आटोपतं आणि त्यात पुस्तक हातात धरायला पूर्ण मुभा असते. ती मुभा हाच त्याचा प्राण आहे.

असं नाटक वर्गात कसं घडतं, ते एका उदाहरणाने जवळून पाहू. गोष्ट मराठी वाचकाच्या ओळखीची घेऊ: लेकीकडे निघालेली म्हातारी आणि तिचा भोपळा. तिसरीचा वर्ग. बाई गोष्ट मोठ्याने वाचतात आणि म्हातारीला वाघ भेटतो तिथे थांबतात. मग विचारतात, ‘‘वाघाने तिला का सोडलं?’’ उत्तरं येतात: त्याचं पोट भरलेलं होतं, ती गोड बोलली, त्याला दया आली. बाई कुणालाच चूक म्हणत नाहीत. एवढंच म्हणतात, ‘‘पुस्तकात कुठे लिहिलंय ते दाखवा बरं.’’ माना खाली जातात. बोटं ओळींवरून सरकू लागतात. कुणाला तरी ते वाक्य सापडतं: लेकीकडे जाईन, खाऊन-पिऊन जाडजूड होऊन येईन, मग मला खा. आता वर्गातली अर्धी मुलं वाघ आणि अर्धी म्हाताऱ्या. सगळे एकदमच बोलतात, त्यामुळे कुणाचं अडखळणं कुणाला ऐकू जात नाही. एखादी मुलगी म्हातारीचं बोलणं आधी आपल्या भिलालीत बोलून टाकते आणि मग पुस्तकातली ओळ शोधते. बाई तिला थांबवत नाहीत. अर्थ तिच्याकडे आधी आला, अक्षरं मागून येतील.

पुढे परतीची वाट. कोल्हा, अस्वल, वाघ एकेक करून आडवे येतात आणि भोपळ्यातून प्रत्येकाला जवळजवळ तेच उत्तर मिळतं. वाचायला सर्वांत चाचरणाऱ्या मुलाला बाई भोपळ्यात बसवतात. त्याच्या वाट्याची ओळ लहान आहे आणि ती तीनदा म्हणायची आहे. पहिल्यांदा तो एकेक अक्षर जुळवतो. दुसऱ्यांदा शब्द सुटे होतात. तिसऱ्यांदा तो पुस्तकातून मान वर करून वाघाच्या डोळ्यांत पाहत बोलतो. ‘हाच उतारा पुन्हा वाच’ असं त्याला सांगितलं असतं, तर तो कंटाळला असता. इथे त्याने तो तीनदा वाचला, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा भोपळाच मागितला.

या पद्धतीला शंभराहून अधिक वर्षांची परंपरा आहे. इंग्लंडमध्ये ससेक्स परगण्यातल्या सॉम्प्टिंग या खेड्यात हॅरिएट फिनले-जॉन्सन या मुख्याध्यापिकेने इतिहास, भूगोल, भाषा असे सगळेच विषय मुलांना नाटकातून शिकवले आणि १९११मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. केंब्रिजच्या पर्स शाळेतल्या कॉल्डवेल कुक यांचं ‘द प्ले वे’ १९१७चं. अमेरिकेत विनिफ्रेड वॉर्ड यांनी १९३०मध्ये ‘क्रिएटिव्ह ड्रॅमॅटिक्स’मध्ये असा विचार मांडला की, मुलांनी ऐकलेली-वाचलेली गोष्ट आपल्या शब्दांत उभी करावी, संवाद पाठ करू नयेत. पीटर स्लेड यांच्या ‘चाइल्ड ड्रामा’ने (१९५४) मुलांचा उत्स्फूर्त खेळ हीच एक स्वतंत्र कला मानली. यॉर्कशरच्या लोकरीच्या गिरणीत काम करून वर आलेल्या डोरोथी हीथकोट यांनी एक वेगळंच पाऊल टाकलं: शिक्षकानेच भूमिकेत शिरायचं. समजा, बाई स्वतः गावच्या पाटलीण झाल्या आणि म्हणाल्या, ‘‘आमच्या गावात वाघ शिरलाय, तुम्ही जाणकार आहात, सांगा काय करू?’’ तर मुलांना वाघाबद्दल शोधून वाचण्यावाचून गत्यंतर राहत नाही. शिकागोतल्या शिक्षिका व्हिव्हियन पेली यांचा मार्ग सर्वांत साधा आणि आपल्या बहुभाषिक वर्गांना सर्वांत सोयीचा. मूल गोष्ट सांगतं, शिक्षिका ती त्याच्याच शब्दांत लिहून घेते आणि त्याच दिवशी वर्ग ती करून दाखवतो. आपलं बोलणं कागदावर उतरतं आणि कागदावरून पुन्हा जिवंत होतं, हे मूल स्वतःच्या डोळ्यांनी पाहतं. लिपी कशासाठी असते, याचा याहून चांगला पाठ मला माहीत नाही.

या सगळ्यांत मतभेद आहेत. काहींना नाटक हे मुलाच्या व्यक्तिमत्त्वासाठी हवं, त्यातून वाचन सुधारावं अशी अपेक्षा ठेवणंच त्यांना गौण वाटतं. काहींना ते निव्वळ भाषा शिकवण्याचं साधन म्हणून हवं; संहिता हातात धरून आवाजी वाचन करण्याची ‘वाचक-रंगमंच’ ही पद्धत या दुसऱ्या बाजूची. प्रस्तुत पुस्तक कुठल्याच एका पंथाचं नाही, आणि ते बरं आहे. धार-देवासच्या दोन खोल्यांच्या शाळेत, जिथे एकच शिक्षक दोन-तीन इयत्ता सांभाळतो, तिथे जे जमेल ते घ्यावं लागतं.

भारतातली हकिकत आपल्याला अधिक जवळची आहे आणि तिचा एक धागा थेट धारला येतो. गिजुभाई बधेका यांनी भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात १९२०पासून जे प्रयोग केले, त्यांचं सार त्यांच्या ‘दिवास्वप्न’ या छोट्या गुजराती पुस्तकात आहे. त्यातला शिक्षक चौथीच्या दांडग्या वर्गाला आधी गोष्टी सांगतो. मग पाठ्यपुस्तकांऐवजी गोष्टींची पुस्तकं आणून वर्गाचं ग्रंथालय उभं करतो. मग त्या गोष्टींची नाटकं होतात, पाठांतराशिवाय. हा क्रम नीट पाहण्यासारखा आहे. गोष्ट कानावर पडली, तिची गोडी लागली, पुस्तकात ती आहे हे कळलं, आणि ती करून पाहायची म्हणून पुस्तक पुन्हा उघडलं. गिजुभाईंचं हे लेखन हिंदीत आणण्याचं मोठं काम काशिनाथ त्रिवेदी यांनी केलं. धार जिल्ह्यातल्या टवलाईच्या ग्राम भारती आश्रमाशी जोडलं गेलेलं हे नाव. हिंदी भाषक शिक्षकांच्या पिढ्यांनी गिजुभाई वाचले ते त्रिवेदींमुळे. मराठीत तेच काम ताराबाई मोडक यांनी केलं. भावनगरला गिजुभाईंबरोबर काम करून त्या महाराष्ट्रात परतल्या, मराठी ‘शिक्षणपत्रिका’ चालवली आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह बोर्डी आणि कोसबाडला आदिवासी मुलांच्या अंगणापर्यंत शाळा नेली. टवलाई आणि कोसबाड ही एकाच कुळातली दोन गावं आहेत, हे आपल्याकडे सहसा ध्यानात घेतलं जात नाही.

मराठी बालरंगभूमीचा प्रवाह याहून वेगळा आहे. सुधा करमरकरांनी १९५९मध्ये ‘लिटल थिएटर’ सुरू केलं, रत्नाकर मतकरींनी मुलांसाठी नाटकं लिहिली, पुण्यात मोहन आगाशे यांच्या पुढाकाराने १९८६पासून ‘ग्रिप्स’ या बालनाट्य-शैलीची नाटकं उभी राहिली. या मंडळींनी मुलांना उत्तम नाटक दाखवलं. पण प्रेक्षागृहात बसून नाटक पाहणारं मूल आणि वर्गात ते करताना पुस्तक चाळणारं मूल, यांचे अनुभव निराळे. पहिल्याची आपल्याकडे मोठी परंपरा आहे. दुसरं एखाद्या हौशी शिक्षकाच्या भरवशावर राहिलं.

देवासने या बाबतीत जे दिलं त्याबद्दल फारसं बोललं जात नाही. १९७२मध्ये होशंगाबाद जिल्ह्यातल्या सोळा शाळांत सुरू झालेल्या विज्ञान शिक्षणाच्या प्रयोगातून पुढे १९८२मध्ये ‘एकलव्य’ ही संस्था उभी राहिली. तिच्या केंद्रांपैकी एक देवासला. १९८५मध्ये तिने ‘चकमक’ हे मुलांचं मासिक सुरू केलं. त्याच्या आगेमागे बालमेळे, वाचनालयं, प्राथमिक शाळेसाठी वेगळी पुस्तकं असं बरंच काही माळव्यात घडलं. या वर्तुळाच्या जवळचे विष्णु चिंचाळकर, म्हणजे अवघ्या माळव्याचे गुरुजी, हे मराठी चित्रकार. ‘खुलते अक्षर खिलते अंक’ या त्यांच्या पुस्तकात अक्षरं आणि आकडे हात-पाय पसरून माणसं, पक्षी, प्राणी होतात. ज्या मुलाने अक्षराला पात्र होताना पाहिलं, त्याला अक्षराची भीती वाटायचं कारण उरत नाही.

आणि माळव्याचा माच. उज्जैनच्या आखाड्यांत वाढलेलं, रात्र-रात्र चालणारं हे गाणारं लोकनाट्य. मंचावरचा नट बोल गातो आणि साथीदार तो झेलून पुन्हा गातात. या झेलण्यात वर्गासाठी एक युक्ती दडलेली आहे. एका मुलाने ओळ वाचायची आणि उरलेल्या वर्गाने ती पुस्तकात पाहत झेलायची. ज्याला येत नाही तो सुरुवातीला निव्वळ आवाजाच्या आधाराने पुढे सरकतो, हळूहळू डोळे शब्दांवर ठरतात. परदेशी पुस्तकांत याला मोठमोठी नावं आहेत. माळव्यातल्या शिक्षकाला ती लागत नाहीत, त्याने माच पाहिलेला असतो.

पुरावा काय, असा प्रश्न रास्त आहे. ॲन पॉडलॉझ्नी यांनी २०००मध्ये वर्गातल्या नाटकावरच्या ऐंशी अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. करून पाहिलेली गोष्ट मुलांना अधिक चांगली समजते, हे त्यात ठळकपणे दिसलं. शिवाय ज्या गोष्टी करून पाहिल्या नव्हत्या, त्यांच्याही आकलनात फरक पडला होता. एकच उतारा पुन्हा पुन्हा वाचल्याने वाचन सुरळीत होतं, हे सॅम्युएल्स यांनी १९७९मध्येच दाखवलं आहे. नाटक त्या पुनरावृत्तीला निमित्त देतं. मात्र नाटकामुळे अक्षरओळख आपोआप होते, असा दावा कुणी करू नये. ‘क’ आणि ‘फ’ यांतला फरक शिकवावाच लागतो. काना-मात्रा, जोडाक्षरं यांचा सराव घ्यावाच लागतो. ज्या शाळांनी हा सराव सोडून नुसता खेळ केला, तिथली मुलं आनंदी राहिली आणि निरक्षरही. या पुस्तकाने ही मर्यादा स्पष्ट शब्दांत मान्य केली आहे, म्हणून मी त्याला प्रस्तावना लिहायला तयार झालो.

आज या विषयाची निकड का आहे? ‘असर’ या शालेय शिक्षणाच्या पाहणीनुसार २०२४मध्ये ग्रामीण भारतात तिसरीतल्या मुलांपैकी सुमारे २७ टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येत होता. २०२२मध्ये, करोनाकाळातल्या बंद शाळांनंतर, हे प्रमाण २०.५ टक्क्यांवर घसरलं होतं. त्यातून सावरायला दोन वर्षं गेली. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पायाभूत साक्षरतेला अग्रक्रम दिला आणि २०२१मध्ये ‘निपुण भारत’ अभियान सुरू झालं. तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान साठ शब्द अर्थासह वाचावेत, असं त्याचं उद्दिष्ट आहे. उद्दिष्टाला माझी हरकत नाही. काळजी आहे ती ‘अर्थासह’ हा शब्द वाटेत गळून पडण्याची. घड्याळ लावून वाचणारं मूल विरामचिन्हं गिळतं, प्रश्नचिन्हावर आवाज चढवत नाही, म्हातारीचं बोलणं आणि वाघाचं बोलणं एकाच पट्टीत उरकतं. नाटकात असं वाचून चालत नाही. घाबरलेली म्हातारी कुठे थांबेल हे कळल्याशिवाय तिची ओळ म्हणताच येत नाही. वेग आणि अर्थ एकत्र आणण्याचा यापेक्षा स्वस्त उपाय आपल्या शाळांपाशी नाही. त्याला पैसा लागत नाही. लागतो तो शिक्षकाचा वेळ आणि थोडा गोंगाट सहन करणारा मुख्याध्यापक.

धार-देवासची भूमी मराठी पुस्तकात का, असंही कुणी विचारील. नकाशा उघडला की उत्तर मिळतं. धारच्या दक्षिणेला नर्मदा, पलीकडे बडवानी, मग सातपुड्यात आपलं धडगाव आणि तो उतरला की आपलं नंदुरबार. तिथल्या पावरी बोलणाऱ्या मुलापुढे पाठ्यपुस्तकी मराठी तशीच परकी उभी असते, जशी कुक्षीतल्या मुलापुढे हिंदी. मेळघाटात कोरकू, पालघरात वारली, गडचिरोलीत गोंडी आणि माडिया. माळव्यात जे जमलं आणि जे फसलं, ते महाराष्ट्रातल्या शिक्षकाला दूरचं वाटणार नाही.

या पुस्तकात तयार नाटकं फारशी नाहीत, हे वाचकाने आधीच लक्षात घ्यावं. संहितांचे संग्रह बाजारात पुष्कळ आहेत. इथे आहे ती रीत: कोणती गोष्ट नाटकाला धार्जिणी, कुठे थांबून प्रश्न विचारायचा, वाचता न येणाऱ्या मुलाला कोणती भूमिका द्यायची की जिच्यात त्याची फजिती होणार नाही आणि वाचनही टळणार नाही, घरची बोली वर्गात कधी येऊ द्यायची आणि पुस्तकाच्या भाषेकडे कधी वळायचं. लेखक मंडळी वर्गात उभी राहून लिहीत आहेत, हे पानोपानी जाणवतं. काही प्रयोग निष्फळ ठरले, तेही त्यांनी गाळलेले नाहीत. एक उणीव मात्र मला जाणवली: मोठ्या पटाच्या वर्गांसाठी, साठ-सत्तर मुलांसाठी, अजून बरंच लिहायला हवं होतं. पुढच्या आवृत्तीत ते यावं.

अधिकाऱ्यांना एक विनंती. या नाटकांची छायाचित्रं मागू नका, तालुका पातळीवर स्पर्धा भरवू नका, अहवालाचा तक्ता काढू नका. स्पर्धा आली की पाठांतर येईल, निवडक मुलं येतील आणि चाचरणारं मूल पुन्हा झाड होईल.

आणि शिक्षकांना एक. आपल्या बहुतेक शाळांत गोष्टींची पुस्तकं आहेत, पण ती हरवतील, फाटतील, हिशोब द्यावा लागेल या धास्तीने कपाटात कुलूपबंद आहेत. नाटक संपल्यावर मूल ते पुस्तक मागायला येईल, तेव्हा ते त्याला तिथल्या तिथे मिळालं पाहिजे. म्हणून पहिला प्रयोग करण्याच्या आदल्या दिवशी कपाट उघडा, पुस्तकं मुलांचा हात पोचेल इतक्या उंचीवर दोरीला टांगा, आणि फाटलेल्या पुस्तकाची नोंद ‘वापरात फाटलं’ अशी करा.